विजेचा बाण: माइनक्राफ्टमध्ये मॉडशिवाय शस्त्र घडवताना

माइनक्राफ्टमध्ये शस्त्रं तशी मोजकीच. तलवार, कुऱ्हाड, धनुष्य, क्रॉसबो, २०१८ साली आलेला त्रिशूळ, २०२४ साली आलेली गदा वगैरे. थोडे दिवस खेळून झालं की मुलांना यापलीकडचं काहीतरी हवं असतं. बाण रुतेल तिथे वीज कोसळावी. बर्फाचा गोळा फेकला की त्याच्यामागे ज्वाळांची रेघ उमटावी. काठी रोखली की तीस ठोकळे दूर उभा असलेला झॉम्बी कोलमडावा. खेळ विकत घेताना यातलं काहीही मिळत नाही. तरीही हे सगळं त्याच खेळात, बाहेरचा एकही प्रोग्राम न बसवता करता येतं. कसं करता येतं, ते या लेखात पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. मार्कस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ साली माइनक्राफ्ट लोकांसमोर आणला. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने स्टॉकहोमची मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली आणि २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. संगणकावरची जावा आवृत्ती आणि फोन, कन्सोल, विंडोजवरची बेडरॉक आवृत्ती अशी त्याची दोन रूपं आहेत. इथे मुख्यतः जावा आवृत्तीबद्दल बोलायचं आहे, कारण हा छंद तिथेच सर्वाधिक फोफावला.

खेळात नवी गोष्ट घालण्याचा रूढ मार्ग म्हणजे मॉड. मॉड खेळाच्या मूळ प्रोग्राममध्ये स्वतःचा कोड मिसळतो. त्याची ताकद मोठी, पण प्रत्येक खेळाडूला आधी फोर्ज किंवा फॅब्रिकसारखी यंत्रणा बसवावी लागते, मग तोच मॉड त्याच आवृत्तीत बसवावा लागतो. शिवाय अनोळखी ठिकाणाहून उतरवलेला मॉड हा आपल्या संगणकावर चालणारा खराखुरा प्रोग्राम असतो, ही जोखीम आहेच. याउलट, मूळ खेळाने स्वतःच दिलेल्या आज्ञा आणि फाइली वापरून काही घडवलं तर मित्राला काहीच बसवावं लागत नाही. तो आपल्या जगात येतो आणि धनुष्य उचलतो. अशा न बदललेल्या खेळाला खेळाडू ‘व्हॅनिला’ म्हणतात.

व्हॅनिलात शस्त्र घडवण्याचं मर्म एका वाक्यात सांगता येतं. खेळ आपणहून कशाकशाची नोंद ठेवतो हे शोधायचं आणि त्या नोंदीला आपल्याला हवा तो परिणाम जोडायचा. पुढची प्रत्येक युक्ती याच सूत्राचं वेगळं रूप आहे.

सेकंदाला वीस वेळा

माइनक्राफ्टचं जग सलग चालत नाही, टिकटिक करत चालतं. एका सेकंदात २० टिक, म्हणजे एक टिक ०.०५ सेकंदाची. दर टिकला खेळ सगळ्या प्राण्यांना, बाणांना, पडणाऱ्या वाळूला एक पाऊल पुढे सरकवतो. आपली आज्ञाही दर टिकला चालवता आली, तर डोळ्यांना ती अखंड चालल्यासारखी भासते.

ही सोय ऑक्टोबर २०१२ च्या १.४.२ या आवृत्तीत आलेल्या कमांड ब्लॉकने झाली. हा असा ठोकळा, ज्याच्या पोटात एक आज्ञा लिहून ठेवता येते. सुरुवातीला त्याला दर वेळी रेडस्टोनचा, म्हणजे खेळातल्या विजेचा, धक्का द्यावा लागे. त्यामुळे नकाशे बनवणारे रेडस्टोनची घड्याळं बांधत बसत. २०१६ च्या १.९ आवृत्तीने ही कटकट मिटवली. नारिंगी ठोकळा एकदाच आज्ञा देतो, जांभळा दर टिकला देतो आणि हिरवा साखळीत आपल्या आधीच्या ठोकळ्यामागोमाग चालतो. २०१७ मध्ये या आज्ञा साध्या मजकूर-फाइलीत लिहायची सोय आली, तिला फंक्शन म्हणतात. २०१८ च्या १.१३ आवृत्तीत फंक्शन आणि इतर फाइली एका फोल्डरमध्ये बांधून जगाला जोडता येऊ लागल्या. त्या फोल्डरचं नाव डेटा पॅक.

कमांड ब्लॉक वापरायचा तर जगात चीट्स, म्हणजे आज्ञा चालवण्याची परवानगी, सुरू हव्यात. सर्व्हरवर खेळत असाल तर चालकाचे अधिकार हवेत आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कमांड ब्लॉकला परवानगी हवी. नवख्यांची आज्ञा चालत नाही तेव्हा पुष्कळदा अडचण इथेच असते.

कधी, कुठे, काय

कोणत्याही शस्त्राचा परिणाम तीन प्रश्नांत मोडतो. तो कधी घडायचा? कुठे घडायचा? आणि नेमकं काय घडायचं? सगळ्यात सोपं उदाहरण आगीच्या रेघेचं. जांभळ्या ठोकळ्यात लिहायची आज्ञा मराठीत वाचली तर अशी: ‘जगात जिथे जिथे स्नोबॉल आहे, तिथे ज्वाळेचे कण उडव.’

खेळाच्या भाषेत ‘तिथे जाऊन’ या अर्थाची आज्ञा म्हणजे एक्झिक्यूट. कोणाला निवडायचं हे ‘@’ या चिन्हाने सांगतात. चिन्हापुढे इंग्रजी ई आला की जगातली प्रत्येक हलती वस्तू, ए आला की सगळे खेळाडू, एस आला की ज्याच्या नावाने आज्ञा चालली आहे तो स्वतः. पुढे चौकटी कंसात गाळणी लावायची: प्रकार स्नोबॉल, अंतर दहाच्या आत, अमुक खूण असलेला.

गोळा हवेत असेपर्यंतच जगात ‘स्नोबॉल’ नावाची वस्तू असते. आदळला की ती नाहीशी होते आणि आज्ञेला कोणी सापडत नाही. ‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर इथे आयतं मिळालं. गोळा सेकंदाला वीस ठिकाणी असतो, त्या वीसही ठिकाणी कण उमटतात आणि त्यांची रेघ दिसते. एका ओळीत पहिलं शस्त्र तयार झालं.

विजेचा बाण, पहिला प्रयत्न

आता बाणाकडे वळू. बाण गोळ्यासारखा आदळताच नाहीसा होत नाही, जमिनीत रुतून राहतो. तो रुतला आहे हे खेळाला ठाऊक असतं, कारण प्रत्येक बाणाच्या माहितीत ‘इनग्राउंड’ नावाची एक नोंद असते. बाण हवेत असताना तिची किंमत ०, रुतला की १. म्हणून आज्ञा अशी: ‘ज्या बाणाचा इनग्राउंड १ आहे, त्याच्या जागी वीज पाड.’

ही आज्ञा चालवली की वीज पडते आणि पडतच राहते. रुतलेला बाण एक मिनिट, म्हणजे १२०० टिक, तिथेच असतो आणि आज्ञा दर टिकला त्याला नव्याने शोधून काढते. एका बाणावर १२०० विजा! आसपासचं लाकडी घर जळून जायला याहून पुष्कळ कमी पुरतात. म्हणून जांभळ्या ठोकळ्याला लागून एक हिरवा ठोकळा ठेवायचा आणि त्यात लिहायचं: ‘रुतलेले बाण नष्ट कर.’ पहिल्या ठोकळ्याने वीज पाडली की त्याच टिकमध्ये दुसरा बाण काढून टाकतो. परिणाम एकदाच व्हावा यासाठी त्याचं कारण पुसून टाकायचं, ही सवय पुढे सगळीकडे लागते.

दुसरा दोष लगेच दिसतो. खेळातल्या धनुष्य चालवणाऱ्या सांगाड्यांचे बाणही बाणच. रात्री चार सांगाडे गावावर चालून आले की त्यांच्या प्रत्येक चुकलेल्या नेमासरशी वीज पडते. शस्त्र आपलं राहिलं नाही, सगळ्यांचं झालं. यासाठी आपल्या धनुष्याला ओळख द्यावी लागते. २०२४ च्या १.२०.५ आवृत्तीपासून कोणत्याही वस्तूवर ‘कस्टम डेटा’ नावाची चिठ्ठी डकवता येते. खेळ ती चिठ्ठी स्वतः कधीच वापरत नाही, ती फक्त आपल्यासाठी असते. मग बाणाकडून त्याच्या मालकाकडे जायचं. २०२३ च्या १.१९.४ पासून एक्झिक्यूटला ‘बाण ज्याने सोडला त्याच्याकडे जा’ असंही सांगता येतं. त्या मालकाच्या हातात आपली चिठ्ठी असलेलं धनुष्य आहे का, ते तपासायचं.

हे तपासायचं कधी? बाण रुतल्यावर तपासलं तर तोवर खेळाडूने धनुष्य ठेवून तलवार हातात घेतलेली असू शकते. म्हणून बाण सुटताच पहिल्याच टिकला तपासायचं आणि तो आपला निघाला तर त्याच्यावर ‘वीजबाण’ अशा अर्थाची खूण करायची. पुढची सगळी तपासणी त्या खुणेवर. आज्ञेत ही खूण लिहिताना मात्र रोमन अक्षरंच वापरावी लागतात.

तिसरा दोष जरा लपलेला आहे. बाण थेट झॉम्बीला लागला तर वीज पडतच नाही! कारण सजीवाला लागलेला बाण नाहीसा होतो. तो कधी रुततच नाही आणि इनग्राउंड शेवटपर्यंत ० राहतो. नेम चुकला तर वीज आणि अचूक लागला तर काहीच नाही, असं हे शस्त्र झालं. हा दोष कसा काढायचा, ते शेवटाकडे येईल. मधल्या वाटेवर अजून काही युक्त्या आहेत.

गाजराची काठी

फेकलेल्या वस्तूला निदान जगात अस्तित्व असतं. जादूची काठी हातातून सुटतच नाही. खेळाडूने उजवं बटण दाबलं हे मग ओळखायचं कसं? अनेक वर्षं व्हॅनिला खेळाडूंनी यासाठी एक विलक्षण वस्तू वापरली: काठीला बांधलेलं गाजर.

ही वस्तू डुकरावर बसून त्याला हाकण्यासाठी आहे. कमांड ब्लॉक ज्या आवृत्तीत आला, त्याच १.४.२ मध्ये तीही आली. तिचा दुसरा फारसा उपयोग नाही. डुकरावर बसलेले नसताना बटण दाबलं तर दिसायला काहीही होत नाही. पण ‘गाजराची काठी किती वेळा वापरली’ या आकडेवारीत खेळ तेव्हाही एकाची भर घालतो.

हा आकडा स्कोअरबोर्डला जोडता येतो. स्कोअरबोर्ड ही १.५ आवृत्तीत, २०१३ साली आलेली गुणफलकाची सोय. मूळ हेतू स्पर्धेत कोणाचे किती गुण झाले हे दाखवण्याचा होता. लोकांनी त्याचा वापर प्रोग्राममधल्या चलासारखा केला. दर टिकला पाहायचं: कोणाच्या फलकावर १ आहे का? असेल तर त्याने नुकतंच बटण दाबलं आहे. त्याच्या नावाने काठीचं फंक्शन चालवायचं आणि आकडा पुन्हा ० करायचा. इथेही कारण पुसणं आलंच.

तलवारीत हे जमत नाही, कारण हवेत नुसतं उजवं बटण दाबलं तर तलवारीसाठी अशी नोंद होत नाही. स्नोबॉलमध्ये नोंद होते, पण गोळा खर्च होतो. गाजराच्या काठीत नोंद होते आणि बाकी काहीच घडत नाही. म्हणून हजारो जादूच्या कांड्या, बंदुका आणि मंत्रांची पुस्तकं आतून गाजराच्या काठ्या होत्या. रिसोर्स पॅक नावाच्या चित्र-आवाजांच्या फाइलींनी त्यांना बाहेरून हवं ते रूप मिळे.

डोळ्यापासून लक्ष्यापर्यंत

काठीचं बटण कळलं, आता ‘कुठे’ हा प्रश्न. काठी रोखली आहे त्या रेषेत कोण उभं आहे हे सांगणारी एक तयार आज्ञा खेळात नाही. ती रेषा आपल्याला पायरीपायरीने चालावी लागते. यासाठीचं फंक्शन छोटं असतं आणि स्वतःलाच पुन्हा बोलावतं. संगणकशास्त्रात याला पुनरावर्तन म्हणतात. माइनक्राफ्टमध्ये रमलेली किती तरी मुलं हा शब्द माहीत नसतानाच ते बिनचूक वापरतात.

क्रम असा. सुरुवात खेळाडूच्या डोळ्यांपासून करायची. खेळाडूची जागा खेळ त्याच्या पायाशी मोजतो आणि डोळे त्याहून १.६२ ठोकळे वर असतात, म्हणून ‘डोळ्यांपासून’ हे स्पष्ट सांगावं लागतं. त्या बिंदूवर एक कण उडवायचा, म्हणजे किरण दिसेल. मग तपासायचं: इथे कोणी आहे का? असेल तर इजा करून थांबायचं. हवेऐवजी दगड-माती आहे का? तरीही थांबायचं. दोन्ही नसेल तर नजरेच्या दिशेने अर्धा ठोकळा पुढे सरकून तेच फंक्शन पुन्हा बोलवायचं. नजरेच्या दिशेने सरकण्यासाठी ‘^’ हे चिन्ह आहे. ते तीनदा लिहितात: डावीकडे, वर आणि पुढे. साठ पावलांनंतर थांबायचं असं ठरवलं की पल्ला तीस ठोकळ्यांचा झाला. ही साठही पावलं एकाच टिकमध्ये पडतात, म्हणून डोळ्यांना किरण एकदम उमटलेला दिसतो.

इथे दोन खाचा आहेत. पहिली, किरण खेळाडूच्या स्वतःच्या शरीरातून सुरू होतो. काठी चालवणाऱ्याला आधी खूण करून वगळलं नाही तर पहिली इजा त्यालाच होते.

दुसरी खाच अधिक शिकवणारी आहे. ‘इथून एका ठोकळ्याच्या अंतरात कोणी आहे का’ असं विचारलं की खेळ प्रत्येक प्राण्याच्या पायापासून अंतर मोजतो. झॉम्बीच्या पोटरीवर नेम धरला तर लागतो, कपाळावर धरला तर किरण आरपार निघून जातो. यावरचा तोडगा म्हणजे अंतर न विचारता खोका विचारायचा. ‘डीएक्स शून्य’ अशी गाळणी लावली की खेळ त्या बिंदूपासून एक ठोकळा लांब, रुंद आणि उंच असा खोका मानतो आणि ज्याचं शरीर त्या खोक्याला कुठेही शिवतं त्याला निवडतो. अंतर पायाशी बांधलेलं असतं, खोका शरीराशी. एवढा फरक लक्षात आला की कपाळावरचा नेमही लागू होतो. अधिक अचूकता हवी असेल तर खोका थोडा मागे सरकवून दुसऱ्यांदा तपासतात, म्हणजे किरणाच्या बाजूने उभा असलेला प्राणी चुकून सापडत नाही.

इजा करायची कशी

तिसरा प्रश्न ‘काय’. वाचकाला वाटेल की हा सगळ्यात सोपा. खरं तर २०२३ पर्यंत कोणाला ठरावीक इजा करण्याची थेट आज्ञाच नव्हती. म्हणून लोक ‘तात्काळ इजा’ या औषधाचा परिणाम लावत. पण माइनक्राफ्टच्या नियमांत झॉम्बी, सांगाडे असे मृतात्मे उलटे वागतात: इजेच्या औषधाने ते बरे होतात आणि बरं करणाऱ्या औषधाने त्यांना इजा होते. परिणामी प्रत्येक कांडीच्या फंक्शनमध्ये दोन ओळी लागत, एक जिवंतांसाठी आणि एक मृतात्म्यांसाठी. १.१९.४ मध्ये ‘डॅमेज’ ही आज्ञा आली आणि एका ओळीत इजेचा आकडा, प्रकार आणि ती कोणी केली हे सगळं सांगता येऊ लागलं. करणाऱ्याचं नाव दिलं की मारलेल्या झॉम्बीचं श्रेयही त्याच्या नावावर जमा होतं.

आकडा ठरवताना दोन गोष्टी हाताशी असाव्यात. खेळाडूचं आयुष्य २०, म्हणजे दहा हृदयं, आणि हिऱ्याच्या तलवारीचा एक घाव ७. शिवाय मार बसल्यावर अर्धा सेकंद तेवढाच किंवा त्याहून हलका मार लागत नाही. म्हणून दर टिकला १ इजा करणारा किरण सेकंदाला २० इजा करत नाही, फक्त २ करतो. हे ठाऊक नसलं की आकडे वाढवून पाहण्यात संध्याकाळ जाते.

दिसण्याच्या बाजूलाही भर पडली आहे. त्याच १.१९.४ ने ‘डिस्प्ले’ वस्तू आणल्या. कोणतीही वस्तू हव्या त्या आकारात हवेत ठेवता येते, फिरवता येते आणि एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत सहज सरकवता येते. त्याआधी आर्मर स्टँड, म्हणजे चिलखत टांगायचे पुतळे, अदृश्य करून त्यांच्या हातात किंवा डोक्यावर वस्तू लटकवत असत.

पदकाचा पहारेकरी

घाव बसला हे ओळखण्यासाठी आणखी एक सुंदर मार्ग आहे. खेळात प्रगतीची पदकं असतात: पहिला दगड खणलात, पहिला राक्षस मारलात. २०१७ पासून ही पदकं डेटा फाइलीत लिहिता येतात. पदकासाठी अट ठेवायची की ‘खेळाडूने आपली चिठ्ठी असलेली तलवार हातात धरून कोणाला तरी जखमी केलं’ आणि बक्षीस म्हणून आपलं फंक्शन चालवायचं. पदकाचं नाव-चित्र दिलंच नाही तर पडद्यावर काहीही झळकत नाही. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ते पदक काढून घ्यायचं, म्हणजे पुढच्या घावाला ते पुन्हा मिळू शकतं.

यातली खुबी अशी की इथे दर टिकला सगळ्या जगाची झडती घ्यावी लागत नाही, कारण घाव बसला की खेळच हाक मारतो. अडचण एकच: फंक्शन घाव घालणाऱ्याच्या नावाने चालतं, घाव कोणाला बसला हे सांगत नाही. ते शोधायला ‘हर्टटाइम’ ही नोंद आहे. मार बसताच ती १० होते आणि दर टिकला एकने उतरते. आसपास ज्याची ती १० आहे, तोच आपला घायाळ.

मोठ्या सर्व्हरसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. पन्नास खेळाडू आणि हजारो प्राणी असलेल्या जगात प्रत्येकाची आतली माहिती सेकंदाला वीस वेळा उघडून वाचायची म्हटली तर खेळ अडखळू लागतो. म्हणून आधी प्रकार आणि अंतर यांच्या स्वस्त गाळण्या, मग खूण आणि अगदी शेवटी आतल्या नोंदी, असा क्रम ठेवावा.

खेळाने स्वतः उघडलेलं दार

जून २०२४ मध्ये १.२१ आवृत्ती आली आणि या छंदाचा पायाच बदलला. तलवारींवर, धनुष्यांवर चढवायचे मंत्र, म्हणजे एन्चांटमेंट, तोवर प्रोग्रामच्या आत बंद होते. आता प्रत्येक मंत्र एक वाचता येण्याजोगी फाइल आहे. अग्निस्पर्शाची, म्हणजे फायर ॲस्पेक्टची फाइल उघडली तर आत लिहिलेलं दिसतं: घाव बसल्यानंतर, ज्याला बसला त्याला पेटव, पहिल्या पातळीला ४ सेकंद, पुढच्या प्रत्येक पातळीला आणखी ४. कधी, कुठे आणि काय, तिन्ही प्रश्नांची उत्तरं ओळीने मांडलेली.

आता आपल्या अपुऱ्या विजेच्या बाणाकडे येऊ. त्रिशुळावर चॅनलिंग नावाचा मंत्र चढतो. वादळात त्रिशूळ फेकून कोणाला मारलं की वीज पडते. त्याच्या फाइलीत दोन प्रसंग आहेत. एक, घाव सजीवाला बसला तर. दुसरा, फेकलेलं शस्त्र ठोकळ्यावर आदळलं तर, कारण त्रिशूळ वीजवाहक सळईवर आदळला तरी वीज पडते. दोन्हीकडे अटी लावलेल्या आहेत: वादळ हवं, वर मोकळं आभाळ हवं, शस्त्र त्रिशूळच हवं. ही फाइल आपल्या डेटा पॅकमध्ये नव्या नावाने उतरवायची. वादळाची आणि आभाळाची अट काढायची, त्रिशुळाच्या अटीत बाण लिहायचा. दुसऱ्या प्रसंगातली सळईची अटही काढायची. मंत्र कशावर चढेल या रकान्यात त्रिशुळाऐवजी धनुष्य लिहायचं. झालं! बाण झॉम्बीला लागला तरी वीज, जमिनीत रुतला तरी वीज, आणि सांगाड्याच्या साध्या धनुष्यावर हा मंत्र नसल्याने त्याच्या बाणाला काहीच नाही. मघाचे तिन्ही दोष एका फाइलीत सुटले.

मंत्राच्या फाइलीत वीज पाडणं आणि पेटवणं याखेरीज स्फोट करणं, औषधाचा परिणाम लावणं, आवाज वाजवणं, कण उडवणं, ठोकळे बदलणं असे परिणाम तयार मिळतात. त्यातलं काहीच पुरेसं वाटलं नाही तर ‘हे फंक्शन चालव’ असंही लिहिता येतं, म्हणजे आतापर्यंत शिकलेलं सगळं उपयोगी पडतं. फाइल बदलल्यावर मात्र डेटा पॅक पुन्हा वाचायला लावणारी नेहमीची रीलोड आज्ञा पुरत नाही, जग बंद करून पुन्हा उघडावं लागतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या १.२१.२ ने गाजराच्या काठीलाही पर्याय दिला. आता कोणतीही वस्तू उजवं बटण धरून ‘वापरता’ येईल अशी करता येते, वापरायला किती वेळ लागेल आणि पुन्हा वापरण्याआधी किती थांबावं लागेल हेही ठरवता येतं. साध्या गुणांच्या बदलांना तर फाइलही लागत नाही. घाव पोचण्याचं अंतर मुळात ३ ठोकळे असतं. एखाद्या काठीवर ते ६ करणारा गुण लिहून ती खेळाडूला दिली की एका आज्ञेत भाला तयार होतो.

मर्यादा आणि खबरदारी

व्हॅनिलात न जमणाऱ्या गोष्टीही आहेत. कीबोर्डवर नवी कळ जोडता येत नाही, आणि प्रत्येक नवी वस्तू आतून कोणत्या तरी जुन्याच वस्तूवर बेतलेली असते. बेडरॉक आवृत्तीत स्नोबॉलची रेघ चालते, मात्र तिथला स्कोअरबोर्ड वापराची नोंद आपणहून ठेवत नाही, त्यामुळे गाजराची युक्ती चालत नाही. शिवाय तिथे चीट्स सुरू केल्या की त्या जगात अधिकृत पदकं मिळणं बंद होतं. म्हणून प्रयोगासाठी वेगळं जग ठेवावं.

आवृत्त्यांचंही भान हवं. २०१८ साली आज्ञांचं व्याकरण बदललं, २०२४ साली वस्तूंची माहिती लिहायची पद्धत बदलली, आणि १.२१ मध्ये डेटा पॅकमधल्या फोल्डरांची नावं अनेकवचनाऐवजी एकवचनी झाली. जुन्या व्हिडिओत पाहून केलेला फोल्डर म्हणूनच काहीही न सांगता नापास होतो. कोणतीही माहिती वाचताना ती कोणत्या आवृत्तीची आहे हे आधी पाहावं, आणि आपल्या जगाची प्रत काढून ठेवल्याशिवाय स्फोटाची कोणतीही आज्ञा चालवू नये.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. औषधाच्या दोन ओळींच्या जागी डॅमेज आज्ञा आली, लटकवलेल्या पुतळ्यांच्या जागी डिस्प्ले वस्तू आल्या, गाजराच्या काठीच्या जागी वापरण्याची अधिकृत सोय आली. खेळाडू अडून अडून जे करत होते, ते पुढे खेळात राजरोस आलं. जिथे साधनं तोकडी होती तिथे लोकांनी नियम बारकाईने वाचले, आणि नियम वाचणाऱ्यांना पुढच्या प्रत्येक आवृत्तीत अधिक साधनं मिळत गेली.

घरात माइनक्राफ्ट खेळणारं मूल असेल तर त्याला तयार शस्त्रांचा पॅक उतरवून देण्याऐवजी एक जांभळा ठोकळा आणि स्नोबॉलची एक ओळ द्या. रेघ उमटली की ते पुढचा प्रश्न स्वतःच विचारेल: हे फक्त माझ्याच गोळ्याला कसं करायचं? घटना, अट आणि परिणाम यांची सांगड घालणं हा सगळ्या प्रोग्रामिंगचा गाभा आहे. तो प्रश्न विचारला त्या क्षणी मूल प्रोग्रामिंग शिकू लागलेलं असतं.